एका मळकट तबकडीविषयी

गेल्या उन्हाळ्यात ठाण्याला बहिणीकडे गेलो होतो. जेवणे झाल्यावर भाच्याने मला आपल्या खोलीत नेले आणि दार लावून घेतले. खोलीची दशा पाहण्यासारखी होती. भिंतीला आमच्या आईच्या हातच्या दोन गोधड्या टांगलेल्या, कपाटाची दारे सताड उघडी, आतले कपडे मुद्दाम पुढे ओढलेले, आणि ऐन मे महिन्यात पंखा बंद. मी घाम पुसत चौकशी केली, तेव्हा तो म्हणाला, “मामा, आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून गोधड्या. आणि पंख्याची घरघर माईकमध्ये येते.”

हा मुलगा कॉलेजात असताना पाचजणांचा एक वाद्यवृंद चालवीत असे. फंक नावाचे अमेरिकन संगीत ही मंडळी वाजवीत. पुढे रीतीप्रमाणे एक जर्मनीला गेला, एक कॅनडाला, एकाचे लग्न झाले, एकाने वाद्य विकून टाकले. उरलेला हा एक. तो आता संगणकापुढे बसून बेस गिटार वाजवतो, मग तीच मुद्रित करून तिच्यावर दुसरी गिटार वाजवतो, मग पेटी. आणि ठेका यंत्राकडून घेतो. पाचजणांचे काम एकटा करतो. त्या रात्री त्याने मला आपली एक रचना ऐकवली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.

“चांगलं आहे,” मी म्हणालो. हा शब्द मामालोक कशासाठी वापरतात ते सर्वांना ठाऊक आहे. त्यालाही ते ठाऊक असावे, कारण त्याने पुढे काही विचारले नाही. मला मात्र झोप लागेना. रचनेत चूक अशी एकही नव्हती. मग मला कशाची उणीव भासली? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना मला एका जुन्या तबकडीची आठवण झाली. तिच्यावर मी एकेकाळी मोठा अन्याय केला होता. आजचा हा लेख म्हणजे एका अर्थी त्याचीच भरपाई आहे.

ती तबकडी म्हणजे स्लाय अँड द फॅमिली स्टोन या वाद्यवृंदाची ‘देअर्स अ रायट गोइन ऑन’. नोव्हेंबर १९७१ मध्ये ती अमेरिकेत प्रसिद्ध झाली. माझ्या हाती आली ती १९८४ च्या सुमारास, तीही मित्राने उतरवून दिलेल्या कॅसेटच्या रूपाने. ऐकतो तो काय, सगळा आवाज ओल्या फडक्यातून यावा तसा. गाणाऱ्याचे शब्द घशातच विरतात, मागे सतत एक सूक्ष्म फुसफूस, ढोलाला ना धार ना चमक. मी मित्राच्या यंत्राला दोष दिला, मग कॅसेटला दिला. आणि शेवटी कॉलेजच्या वार्षिकात ‘आळसावलेले संगीत’ अशी शेलकी विशेषणे वापरून एक टिपणही ठोकून दिले. दहाएक वर्षांनी तीच तबकडी सीडीच्या रूपाने विकत घेतली. आता सारे लख्ख ऐकू येईल म्हणून कानाला हेडफोन लावून बसलो, तर मळ तसाच! तो माझ्या कॅसेटचा नव्हता. तो मूळ कृतीतच होता. टीकाकाराची फजिती व्हायला याहून अधिक काय लागते?

वाचकहो, पुढे जाण्यापूर्वी फंक म्हणजे काय ते दोन शब्दांत सांगायला हवे. कारण दिवाळीच्या फराळाबरोबर हा पदार्थ आपल्याकडे सहसा वाढला जात नाही. या संगीतात चार मात्रांचे एक छोटे आवर्तन असते. आपल्या विलंबित ख्यालात समेपासून समेपर्यंतचा प्रवास म्हणजे गावाला जाऊन येण्यासारखा असतो. परतण्याची ओढ हाच त्याचा रस. फंकमध्ये मिनिटाला शंभर मात्रांची गती धरली, तर सम दर २.४ सेकंदांनी येते. येथे प्रवास नाहीच. उंबऱ्यावरून आत-बाहेर करावे तसा प्रकार आहे. पहिल्या मात्रेवर सर्वांनी मिळून भार द्यायचा आणि उरलेल्या जागेत प्रत्येकाने अगदी थोडे वाजवायचे. गिटार ‘चिक्’ करून गप्प बसते, बेस दोन स्वर टाकून थांबते, ढोल त्या थांबण्यात एक हलकी थाप सोडतो. कोणाचेही काम सुटे काढून ऐकले तर ते अपुरे वाटते. दुसऱ्याने सोडलेल्या जागेची वाट पाहणे, हा या संगीताचा प्राण आहे. म्हणून ते गर्दीचे नव्हे, तर शेजाराचे संगीत आहे असे मला वाटते.

कात्री मात्र या संगीताच्या पाळण्यापासूनच सोबतीला आहे. जेम्स ब्राउन याचे ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ हे १९६५ चे गाणे या शैलीच्या उगमापाशी मानले जाते. मूळ मुद्रण लांब आणि काहीसे संथ होते. प्रसिद्ध करताना त्याचा आरंभ कापला, ध्वनिफितीची गती वाढवली आणि लांबी तबकडीच्या दोन बाजूंत वाटून टाकली. जगाने जे ऐकून नाचायला सुरुवात केली, ते असे संपादित होते. तेव्हा ‘कात्री लागली की कला मेली’ हे सोवळे येथे चालणार नाही. पण त्या दिवशी कात्री जिच्यावर चालली, ती घटना एका दालनात अनेक माणसांनी एकत्र घडवलेली होती.

आता स्लाय स्टोनकडे वळू. त्याचे खरे नाव सिल्व्हेस्टर स्ट्युअर्ट. १५ मार्च १९४३ रोजी टेक्सासमधील डेंटन येथे जन्म, बालपण कॅलिफोर्नियातील व्हॅलेहो गावी. घरचे वळण चर्चमधल्या भजनांचे. १९५२ मध्ये या स्ट्युअर्ट भावंडांची भक्तिगीतांची एक तबकडीही निघाली होती. मोठेपणी तो सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या नभोवाणी केंद्रांवर तबकड्या लावणारा निवेदक झाला, दुसऱ्यांच्या गाण्यांची निर्मिती करू लागला आणि मग त्याने स्वतःचा वृंद उभारला. त्यात भाऊ फ्रेडी गिटारवर, बहीण रोझ पियानोवर आणि गायनात, लॅरी ग्रॅहम बेसवर, सिंथिया रॉबिन्सन ट्रंपेटवर, जेरी मार्टिनी सॅक्सोफोनवर, ग्रेग एरिको ढोलांवर. काळे आणि गोरे, स्त्रिया आणि पुरुष एकाच मंचावर बरोबरीने वाजवीत आहेत, हे दृश्य १९६७-६८ च्या अमेरिकेत सहज दिसणारे नव्हते. ‘फॅमिली’ हे नाव नुसते शोभेचे नव्हते.

या कुटुंबाचे वादन कसे होते याचा एकच दाखला देतो. लॅरी ग्रॅहम लहान वयात आपल्या आईबरोबर वाजवीत असे. आणि त्यांच्यात ढोल वाजवणारा कोणी नव्हता. ती उणीव भरून काढण्यासाठी तो अंगठ्याने बेसची तार ठोकू लागला, म्हणजे मोठ्या ढोलाचा ठोका झाला. आणि बोटाने तार उचलून सोडू लागला, म्हणजे छोट्या ढोलाचा फटकारा झाला. घरातल्या अडचणीतून निघालेली ही युक्ती पुढे जगभरच्या बेसवादकांची परिभाषा झाली. १९६९ च्या अखेरीस आलेल्या ‘थँक यू’ या गाण्यात ती ऐकावी. तिथे अंगठ्याचा प्रत्येक ठोका बाकीच्यांना जणू हाक मारतो आणि बाकीचे ओ देतात.

ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या महोत्सवात या मंडळींनी अपरात्री लाखोंचा जनसमुदाय डोलवला. आणि त्यानंतर दोनच वर्षांत हे घर आतून फुटले. कारणे अनेक. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती आणि देशातला आशावाद करपत चालला होता. गोऱ्या वादकांना काढून टाक, असा दबाव स्लायवर काही कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांकडून येत होता. अमली पदार्थांनी त्याला ग्रासले होते. ठरलेल्या जलशांना तो उशिरा येई किंवा येतच नसे. लॉस एंजेलिसच्या बेल एअर या धनिक वस्तीत एक हवेली भाड्याने घेऊन तो राहू लागला आणि ‘रायट’चे बरेचसे ध्वनिमुद्रण त्याने तिथे घरातच केले. १९७१ च्या आरंभी ढोलवादक एरिको वृंद सोडून गेला.

त्याच्या जागी स्लायने काय आणले? माएस्ट्रो रिदम किंग नावाची एक पेटी. घरी ऑर्गन वाजवणाऱ्या हौशी मंडळींना साथ मिळावी म्हणून अशा पेट्या बनवल्या जात. कळ दाबली की तयार ठेका सुरू. वॉल्ट्झ हवा तर वॉल्ट्झ, सांबा हवा तर सांबा. आपल्याकडच्या इलेक्ट्रॉनिक तबल्याची ही कोणी दूरची मावशीच म्हणायची. स्लायने या निर्जीव टिकटिकीवर बेस वाजवली, गिटार वाजवली, पेटी वाजवली. मधूनमधून एकेकाला बोलावून त्याचा भाग भरून घेतला. न आवडलेले पुसले, पुन्हा भरले. चुंबकीय फितीचा स्वभाव असा की यंत्राच्या तोंडावरून ती जितक्या वेळा घासून जाईल तितका तिच्यावरचा लेप झिजतो आणि आवाजातली धार प्रथम जाते. आणि एका फितीवरून दुसरीवर उतरवताना प्रत्येक वेळी फुसफुशीची भर पडते. मी ज्याला मळ म्हटले तो हा. ती गेलेल्या रात्रींची पुटे होती.

‘फॅमिली अफेअर’ हे या तबकडीवरचे सर्वांत गाजलेले गाणे. डिसेंबर १९७१ मध्ये ते अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले; यंत्राच्या ठेक्यावर उभे राहून त्या स्थानी पोचलेल्या अगदी पहिल्या गाण्यांपैकी ते एक. गाण्याचा विषय कुटुंब आहे: एकाच आईची दोन मुले, एक मार्गी लागलेले, दुसरे जळत राहिलेले, नवे लग्न आणि त्यातला संशय. आणि हे गाणे ज्या वृंदाच्या नावावर आहे, त्यातली स्लाय आणि बहीण रोझ ही दोघेच त्यात ऐकू येतात. विजेच्या पियानोवर बिली प्रेस्टन, गिटारवर बॉबी वोमॅक, दोघेही पाहुणे. कुटुंबावरचे गाणे, आणि कुटुंब गैरहजर! रोझ पालुपद गाते तेव्हा आवाजात जुन्या चर्चची ऊब आहे; स्लाय मात्र पुटपुटतो, एखाद्या शब्दावर खाली घसरतो, मध्येच ओरडून पुन्हा विझतो. आणि मागे ती पेटी, कोणाचीही वाट न पाहता, कोणासाठीही न थांबता टिकटिकत राहते.

इथे मला माझ्या जुन्या टिपणाची लाज वाटू लागते. कारण फंकचा प्राण जर वाट पाहण्यात असेल, तर जी वाट पाहत नाही त्या यंत्राला मध्यभागी बसवून स्लायने आपल्या संगीतातले नेमके दुखरे ठिकाण उघडे केले आहे. बेस अजूनही जागा सोडते. पण त्या जागेत यायला कोणी नाही. जुनी सवय तशीच राहावी आणि माणूस मात्र नसावा, घरातला कर्ता गेल्यावर त्याचे पान चुकून मांडले जावे, तसा हा प्रकार आहे. ‘थँक यू’ हेच गाणे या तबकडीच्या शेवटी पुन्हा येते, नाव थोडे बदलून आणि चाल पार मंदावून. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. पहिल्यात उत्सव आहे. दुसऱ्यात तोच माणूस मांडव उतरवल्यानंतरच्या मैदानातून पाय ओढीत चालला आहे.

मग मळ म्हणजेच कला असे मानायचे का? असा प्रश्न कोणी करील, आणि तो करायलाच हवा. माझे उत्तर नाही असे आहे. या तबकडीत सारेच सारखे उतरलेले नाही. ‘स्पेस्ड काउबॉय’ या गाण्यात स्लाय गुराख्यांसारख्या कंठकोलांट्या घेतो. ती थट्टा मला लांबलेली आणि केविलवाणी वाटते. ज्या तबकडीवर तिचे नाव आहे ते शीर्षकगीत तर शून्य मिनिटे शून्य सेकंदांचे आहे, म्हणजे छापलेले आहे, वाजत नाही. दंगल असूच नये असे आपल्याला वाटत होते, असा खुलासा स्लायने पुढे कित्येक वर्षांनी केला. खुलासा भला आहे. पण मुद्दाम सांगावे लागते ते रसिकाच्या अनुभवात आलेले नसते. उलट ‘रनिन अवे’ पाहा: हलके ट्रंपेट, जवळजवळ बाळगोपाळांचे वाटावे असे पालुपद, आणि त्याखाली पळून जाणाऱ्या माणसाची केलेली थंड हेटाळणी. तेथे आवाज पुष्कळ स्वच्छ आहे आणि तरीही परिणाम तितकाच बोचरा. म्हणजे गुण मळात नाही. गुण आहे तो जे घडले त्याच्या खुणा न पुसण्यात.

आणखी एक सांगायला हवे. एकाकी कलावंताचे असे कौतुक करताना आपण त्याच्या ऱ्हासाचेच कौतुक करू लागतो. हे मला मान्य नाही. या तबकडीची किंमत माणसांनी मोजली. १९७२ मध्ये लॅरी ग्रॅहमही बाहेर पडला, वृंद पांगला, स्लायची पुढची कित्येक वर्षे व्यसन, खटले आणि विजनवास यांत गेली. ९ जून २०२५ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी तो वारला. चांगली कलाकृती झाली म्हणून झाले ते बरे झाले, असे म्हणण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला नाही.

पण वाट दाखवून तो गेला हे खरे. शगी ओटिस याने १९७४ च्या ‘इन्स्पिरेशन इन्फर्मेशन’मध्ये बहुतेक वाद्ये स्वतः वाजवली, प्रिन्सने १९८० ची आपली एक तबकडी मिनेसोटातल्या घरी जवळजवळ एकट्याने केली. आज तर ठाण्याच्या दोन खोल्यांतही ते शक्य आहे. आणि नेमका येथेच माझ्या भाच्याचा प्रश्न पुन्हा पुढे येतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटले, रात्रीचे पुन्हा ऐकव, पण पडद्यावर काय दिसते तेही दाखव. त्याने दाखवले. मिनिटाला शंभर मात्रा. म्हणजे एक मात्रा ६०० सहस्रांश सेकंदांची आणि तिचा चौथा हिस्सा दीडशेचा. पडद्यावर दर दीडशेला एक उभी रेघ आखलेली, आणि त्याने वाजवलेला प्रत्येक स्वर संगणकाने उचलून अचूक त्या रेघेवर बसवलेला. “आधी कुठे होते?” मी विचारले. त्याने जुने रूप काढून दाखवले. त्याचे बेसचे स्वर रेघेच्या पंधरा-वीस सहस्रांश मागे पडत होते. एखाददुसरा नव्हे, जवळजवळ सारेच, आणि तेही एकाच बेताने. पाचजणांत वाजवताना अंगात भिनलेली ती रेलून वाजवण्याची ढब होती. त्याने ती चूक समजून दुरुस्त केली होती.

मी त्याला एक साधा हिशेब सांगितला. हवेत ध्वनी एक मीटर जायला सुमारे तीन सहस्रांश सेकंद घेतो. तुम्ही पाचजण एका खोलीत तीन-तीन मीटरवर उभे राहून वाजवीत होता, तेव्हा एकाचा ठोका दुसऱ्याला नऊ सहस्रांश उशिरा पोचत होता. माणसामाणसांतले अंतरच तुमच्या वाजवण्यात शिरले होते. रेघेवर सारे बसवल्यावर ते अंतर शून्य झाले, आणि अंतर नाही तेथे शेजार कसला?

“पण मामा,” तो म्हणाला, “तेव्हा ते चौघं होते. आता मी उशिरा वाजवलं तर कुणाच्या मागे?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. स्लायजवळही नव्हते, असे मला वाटते. पण त्याने तो प्रश्न पुसून टाकला नाही, फितीवर राहू दिला.

एवढ्यात दार ढकलून बहीण आली. “दादा, चहा झालाय, किती वेळ हाका मारतेय.” भाच्याने तिलाच धरून बसवले आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर टाळ्या वाजवायला सांगितले. तिला फंक ठाऊक नाही, पण वीस वर्षे ती भजनी मंडळात टाळ वाजवते आहे. पहिल्या दोन आवर्तनांत ती गोंधळली, तिसऱ्यात तिला सापडले आणि नंतर ती डोळे मिटून वाजवीत राहिली. तिच्या टाळ्या रेघेवर पडत नव्हत्या. पण भाचा बेस घेऊन तिच्यासमोर बसला आणि हळूहळू तिच्याकडे पाहत वाजवू लागला. शेवटी स्वयंपाकघरातून कुकरची शिटी झाली, तीही त्यात आली.

महिन्याभराने त्याने मला दोन रूपे पाठवली. एकात टाळ्या होत्या तशा, बेस होती तशी, शिटीदेखील. दुसऱ्यात सारे रेघेवर, स्वच्छ. लोकांपुढे त्याने दुसरे ठेवले आहे. आजकाल ऐकणाऱ्यांचा कान असाच झाला आहे असे तो म्हणतो, आणि तो म्हणतो ते अगदीच खोटे नसावे. मी वाद घातला नाही. ‘रायट’ समजायला मला स्वतःला दहा वर्षे लागली होती. पहिले रूप मी जपून ठेवले आहे. या दिवाळीत पाचांपैकी जर्मनीचा मुलगा घरी यायचा आहे. तो आला की त्याला ते ऐकवायचे, एवढे भाच्याने माझ्याकडून कबूल करून घेतले आहे.